श्रद्धा, शंका आणि आपले घर



आपले घर स्लॅबचे असो की पत्र्याचे, समोरच्या भिंतीवर तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरी असतात. त्याच भिंतीखाली, टीव्हीच्या शेजारी किंवा काचेच्या कपाटात, अलीकडे आणखी एक मूर्ती दिसू लागली आहे. डोक्याला टक्कल, पोट सुटलेले, खांद्यावर झोळी आणि तोंडभर हसू. आमच्या धर्मापुरीत ती दिसते, परळीत दिसते, अंबाजोगाईच्या बाजारात तर दुकानाच्या गल्ल्यावरच बसलेली असते. लोक म्हणतात, ही मूर्ती स्वतः विकत घ्यायची नसते, कुणी भेट दिली तरच फळ देते. पोटावरून रोज हात फिरवला की घरात पैसा येतो, असेही म्हणतात.

मी शाळामास्तर आहे. मुले मला विचारतात, “सर, हा कोणता बुद्ध?” प्रश्न लहान आहे, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आपण जुने देव सोडले, व्रतवैकल्ये सोडली, नवस सोडले. मग हा नवस फेडून घेणारा बुद्ध आपल्या घरात कोणत्या दाराने आला? आणि तो आला हे आपल्याला ओळखू का आले नाही? आज या प्रश्नावर आपण मिळून विचार करू.

हसऱ्या मूर्तीची खरी ओळख

प्रथम त्या मूर्तीची ओळख करून घेऊ. तो सिद्धार्थ गौतम नव्हे. चिनी परंपरेप्रमाणे तो दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला एक भिक्षू. त्याच्या खांद्यावर कायम एक कापडी झोळी असे, म्हणून लोक त्याला बुदाई, म्हणजे ‘कापडी झोळीवाला’ म्हणू लागले. जपानात त्यालाच होतेई म्हणतात. चीनमध्ये तो पुढे होणाऱ्या मैत्रेय बुद्धाचे रूप मानला गेला आणि झेन पंथाच्या चित्रकारांनी त्याची कितीतरी चित्रे काढली. तो गावोगाव हिंडे, मिळेल ते झोळीत टाकी आणि पोरे भोवती जमली की त्यांना त्यातलेच वाटून टाकी. स्वतःचे असे त्याच्याजवळ काही नव्हते, अशी त्याची ख्याती.

आता पाहा. ज्याने काहीही साठवले नाही, त्याच्या पोटावर हात फिरवून आपण साठवण मागतो. ज्याची झोळी देण्यासाठी होती, तिच्याकडे आपण घेण्यासाठी पाहतो. यात त्या भिक्षूचा काही दोष नाही. बाजाराने त्याला लक्ष्मी करून टाकले आणि आपण नाव ‘बुद्ध’ आहे एवढ्यावर विसंबलो.

दीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतो. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, राम-कृष्णाला मानणार नाही, गौरी-गणपतीला मानणार नाही असे आपण म्हणतो. या हसऱ्या मूर्तीचे नाव कोणत्याही प्रतिज्ञेत नाही. ते असणे शक्यही नव्हते. अंधश्रद्धा नाव बदलते, कपडे बदलते, कधी कधी चीवरही घालून येते. काय काय टाकायचे याची यादी कितीही लांब केली तरी उद्या एखादे नवे नाव त्या यादीबाहेरून घरात शिरेल. म्हणून यादी पाठ असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. पारखण्याची दृष्टी हवी. ही दृष्टी भगवान बुद्धांनी दिली आहे.

कालामांचा प्रश्न

कोसल देशात केसपुत्त नावाचे गाव होते. तेथे कालाम नावाचे लोक राहत. भगवान बुद्ध तेथे गेले तेव्हा कालामांनी आपली अडचण सांगितली. आमच्या गावी अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येक जण आपलाच मार्ग खरा म्हणतो आणि दुसऱ्याची निंदा करतो. आम्ही कुणाचे खरे मानावे?

बुद्धांनी त्यांना ‘माझे खरे माना’ असे सांगितले नाही. ते म्हणाले की तुम्हाला शंका आली हे योग्यच झाले, शंका यावी अशीच ही गोष्ट आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला पटले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. ही अर्धी गोष्ट आपल्याकडे सर्वांना माहीत आहे आणि व्यासपीठावरून ती वारंवार सांगितली जाते.

उरलेली अर्धी मात्र मागे पडते. बुद्ध तेथे थांबले नाहीत. त्यांनी कालामांना विचारले, माणसाच्या मनात लोभ उपजला तर तो त्याच्या हिताचा की अहिताचा? द्वेष उपजला तर? मोह उपजला तर? कालाम म्हणाले, अहिताचा. लोभी, द्वेषी, मोहग्रस्त माणूस हिंसा करतो, चोरी करतो, खोटे बोलतो आणि दुसऱ्यालाही तसे करायला लावतो. मग बुद्धांनी सांगितले की ज्या गोष्टीने हे वाढते, जिला जाणते लोक निंद्य म्हणतात, ती तुम्हाला स्वतःला कळली की सोडा. जिने हित होते ती स्वतः ओळखून आचरा.

बुद्धांनी मन मोकळे केले आणि लगेच त्याच्या हातात तराजू दिला. मोकळा विचार म्हणजे मनाला येईल ते मानणे नव्हे, तसेच काहीच न मानणेही नव्हे. ज्या गोष्टीने लोभ, द्वेष आणि मोह कमी होतात ती धरावी आणि ज्याने वाढतात ती सोडावी, ही कसोटी आहे. हसऱ्या मूर्तीवर ही कसोटी लावून पाहा. ती केवळ शोभेची असेल, मुलांना तिचे हसू आवडत असेल, तर तिच्यात काही वाईट नाही. पण तिच्यापायी घरातला माणूस कष्ट आणि हिशेब सोडून नशिबाची वाट पाहू लागला, तर तोच लोभ आणि तोच मोह. मग तिचे नाव काहीही असो.

झेनकडून काय घ्यावे

हसऱ्या भिक्षूमुळे झेनचे नाव निघालेच आहे, तर त्या पंथाविषयी थोडे बोलू. आपल्याकडे ‘झेन’ हा शब्द घरोघर पोचला तो १९९३ साली बाजारात आलेल्या मारुती कंपनीच्या मोटारीमुळे. पुण्याच्या आश्रमात रजनीशांनी आपल्या अखेरच्या काळातली पुष्कळ प्रवचने झेनवर दिली. त्यामुळे झेन म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची मनःशांती असाही एक समज झाला. मूळ गोष्ट वेगळी आहे. ‘ध्यान’ या आपल्याच शब्दाचे चिनी भाषेत ‘छान’ झाले आणि जपानीत ‘झेन’. भारतातून गेलेल्या बोधिधर्म नावाच्या भिक्षूला चिनी लोक या पंथाचा आद्य आचार्य मानतात.

या पंथाचा सहावा आचार्य हुइनंग. त्याचा काळ इ. स. ६३८ ते ७१३. त्याची जी कथा परंपरेने सांगितली जाते, ती आपल्या प्रत्येक घरी सांगावी अशी आहे. बाप लहानपणीच वारला. हा मुलगा जळणाची लाकडे विकून आईला पोसत होता. त्याला अक्षरओळख नव्हती. एके दिवशी लाकडे पोचवताना कुणीतरी बुद्धवचन म्हणताना त्याने ऐकले आणि तो लांबचा प्रवास करून पाचव्या आचार्यांच्या विहारात गेला. आचार्यांनी विचारले, तू दक्षिणेकडचा रानटी माणूस, तू बुद्ध कसा होणार? मुलगा म्हणाला, माणसांमध्ये उत्तरेचे आणि दक्षिणेचे असे भेद असतील, पण बुद्धत्वात उत्तर-दक्षिण कोठली? त्याला विहाराच्या मागे भात कांडायला बसवण्यात आले. आठ महिने तो कांडत राहिला. पुढे आचार्यांनी आपले चीवर आणि वारसा त्यालाच दिला, पण रात्री, गुपचूप, कारण विहारातल्या विद्वानांना तो सहन होणार नव्हता.

‘तू कुठला, तू कसा शिकणार?’ हा प्रश्न आपल्या किती पिढ्यांनी ऐकला! माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. तो प्रश्न शब्दांत विचारला गेला नाही तेव्हा नजरेत विचारला गेला. ज्यांच्या घरात अजून पहिला पदवीधर व्हायचा आहे त्यांनी हुइनंगचे उत्तर पाठ करावे.

दुसरी गोष्ट बायझांग या आचार्याची. त्याचा मृत्यू इ. स. ८१४ मधला. भारतातल्या विनयाप्रमाणे भिक्षूने जमीन खणू नये असा नियम होता. चीनमध्ये मात्र झेन विहारांतले भिक्षू शेतात राबू लागले आणि या शिस्तीशी बायझांगचे नाव कायमचे जोडले गेले. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही, असा त्याचा दंडक. म्हातारपणी शिष्यांनी दया येऊन त्याची अवजारे लपवून ठेवली, तर त्याने जेवणच थांबवले. शेवटी अवजारे परत द्यावी लागली.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात. त्यांत आपलीही कुटुंबे असतात. “आम्हाला ध्यानाला, वंदनेला वेळ कुठे?” असे ती म्हणतात आणि ते खरेच आहे. त्यांनी बायझांग आठवावा. ऊस तोडताना, मोळी बांधताना, भाकरी थापताना मन जागे ठेवता येते. मुकादमाशी हिशेब करताना आपण खोटे बोललो नाही, थकून आल्यावर बायकोवर हात उचलला नाही, उचल मिळाली त्या दिवशी दारूच्या दुकानाकडे पाय वळला नाही, एवढे झाले तर पंचशील फडावर पोचले. पण येथे एक सावधगिरी हवी. कष्टाला पावित्र्य आहे म्हणून कष्टकऱ्याने पिळवणूक सोसावी, असा अर्थ कुणी काढला तर तो धम्म नव्हे. बायझांगची अवजारे त्याची स्वतःची होती आणि पिकाचा वाटाही विहाराचा होता. फडावरच्या बाईला ना अवजाराचा मान आहे ना पिकाचा वाटा. तिला ध्यान शिकवताना तिच्या मजुरीचाही प्रश्न विचारला पाहिजे.

तिसरी गोष्ट दानश्या नावाच्या भिक्षूची. कडाक्याच्या थंडीत त्याने विहारातली लाकडी बुद्धमूर्ती जाळून अंग शेकले. पुजारी संतापला. दानश्या काठीने राख उकरत म्हणाला, मी यातल्या अस्थिधातू शोधतो आहे. पुजारी म्हणाला, लाकडात कसल्या अस्थी? मग दानश्या म्हणाला, तर उरलेल्या दोन मूर्तीही दे.

ही गोष्ट ऐकून काही मंडळी खूष होतात आणि म्हणतात, बघा, मूर्ती म्हणजे नुसते लाकूड. त्यांना माझे सांगणे आहे की कथा नीट ऐका. दानश्याने आपल्याच श्रद्धेची मूर्ती जाळली, आपलीच आसक्ती जाळली. रात्रीच्या अंधारात दुसऱ्याच्या वस्तीतला पुतळा विद्रूप करणारा दानश्या नव्हे. त्याच्या हातात द्वेष असतो. चौकातला बाबासाहेबांचा पुतळा ही आपल्यासाठी केवळ मूर्ती नाही. ज्या चौकातून आपल्या आज्यापणज्यांना मान खाली घालून जावे लागे, त्या चौकात आपणही उभे राहू शकतो याची ती खूण आहे. तिचा सन्मान राखलाच पाहिजे. मात्र त्याच पुतळ्यापुढे कुणी नवस बोलू लागला, तर दानश्याची आठवण त्यालाही करून दिली पाहिजे. कसोटी पुन्हा तीच. एकाच कृतीमागे कधी प्रज्ञा असते, कधी द्वेष.

झेनचा डाग

झेनच्या गोष्टी इतक्या मोलाच्या, मग झेन पंथ निर्दोष आहे काय? नाही. हेही आपल्याला माहीत असले पाहिजे.

जपानात ‘बुराकू’ म्हणून ओळखला जाणारा एक समाज आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे त्यांच्याकडे होती आणि म्हणून त्यांना अपवित्र मानले जाई. त्यांची वस्ती वेगळी, त्यांच्याशी सोयरीक नाही. १८७१ साली सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. १९२२ साली त्या लोकांनी आपली संघटना उभारली. दोनच वर्षांनी, १९२४ साली, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दोन देश, एकच दुखणे.

जपानात माणूस मेला की बौद्ध पुरोहित त्याला नवे धर्मनाम देतो आणि ते थडग्याच्या दगडावर कोरतात. बुराकू माणसाला जी नावे दिली गेली त्यांत ‘पशू’, ‘नीच’ अशा अर्थाची अक्षरे घातली गेली. काही दगडांवर ‘सेंदारा’ हा शब्द आहे. बंधूंनो, हा शब्द म्हणजे आपला ‘चांडाळ’. संस्कृत ग्रंथांतून तो चीनमार्गे जपानात गेला आणि बुद्धाचे नाव घेणाऱ्यांच्या हातून मेलेल्या माणसाच्या दगडावर कोरला गेला. जिवंतपणी पाठ सोडली नाही ती जात मरणानंतरही सोडली नाही. आणि हे करणाऱ्यांत झेनच्या सोतो पंथाचे विहारही होते. हुइनंगचे उत्तर ज्या परंपरेत शेकडो वर्षे शिकवले गेले त्याच परंपरेत हे घडले.

१९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली. सोतो पंथाच्या त्या वेळच्या प्रमुख कारभाऱ्याने तेथे सांगितले की जपानात असा भेदभाव नाही. बुराकू समाजाने याचा जाब विचारला. पंथाला आपल्याच विहारांच्या नोंदी तपासाव्या लागल्या. १९८४ साली नैरोबीच्या परिषदेत त्याच गृहस्थांनी आपले विधान मागे घेऊन क्षमा मागितली. त्यानंतर अपमानकारक नावे शोधून बदलण्याचे काम पंथाने हाती घेतले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, कुठल्याही सुंदर शिकवणीचे नाव लावल्याने माणूस समतावादी होत नाही. दुसरा, चूक दाखवली गेल्यावर दगड बदलता येतो. पण त्यासाठी ‘आमच्यात असे काही नाही’ हे वाक्य आधी सोडावे लागते.

आता तीच कसोटी आपल्या घराला लावू. लग्न जमवताना “मुलगी बौद्ध आहे” एवढे ऐकून आपले समाधान होते काय? की पुढचा प्रश्न हळूच येतो, “पण त्यातले कोणते?” पोटजात अजून सोयरिकीच्या बैठकीत येऊन बसते. शेजारच्या मातंग कुटुंबाकडे, पारध्याच्या पालाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? नव्याने धम्मात आलेल्या दुसऱ्या जातीच्या कुटुंबाला आपल्या पंगतीत, आपल्या समितीत, आपल्या सोयरिकीत जागा आहे काय? आपल्यापैकी जे नुकतेच या वाटेवर आले त्यांना याचे उत्तर अनुभवाने ठाऊक असेल. ‘आमच्यात जात नाही’ असे म्हणण्याआधी आपण आपल्याही नोंदी तपासाव्या.

महाराष्ट्रातला उदार धर्म

धर्म आणि मोकळा विचार यांची सांगड घालण्याचे प्रयत्न आपल्या महाराष्ट्रातही झाले. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभासद एकत्र जमत, जातिभेद मोडण्याची शपथ घेत आणि परधर्मीयाच्या हातचा पाव खात. पण हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही कुणीतरी पळवली आणि नावे फुटतील या भीतीने सभाच मोडली.

त्याच वर्तुळातून १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला. त्याची वृत्ती उदार होती, मूर्तिपूजेला त्याने नकार दिला, शिक्षणाला हातभार लावला. पण सभासदाने जात मोडलीच पाहिजे अशी अट त्याने घातली नाही. याच प्रार्थना समाजातले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले. देव एकच आणि धर्म बुद्धीला पटणारा असावा असे मानणाऱ्या युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींनी त्यांना मदत केली होती. परतताना १९०३ साली ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले. त्यांचे आणि बाबासाहेबांचे राजकीय मार्ग पुढे वेगळे झाले, तरी त्यांचे कष्ट नाकारण्याचे कारण नाही.

तरीही फरक लक्षात घ्यावा. परमहंस सभेने बंद खोलीत पाव खाल्ला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या लोकांनी लाखोंच्या संख्येने, उघड्या मैदानावर, दिवसाढवळ्या दीक्षा घेतली. वही चोरीला जाण्याची भीती तेथे नव्हती. आपला विचार जगासमोर मांडण्याचे धैर्य नसेल तर तो विचार अजून मोकळा झालेला नाही.

बाबासाहेबांचे आणखी एक उदाहरण मी मुद्दाम देतो. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या प्रश्नाची लाज वाटते तो विचारण्याचा आणि त्याचे उत्तर मिळण्याचाही माणसाला हक्क आहे, ही बाजू बाबासाहेबांनी घेतली. आपल्या मुलीने घरात असा प्रश्न विचारला तर आपण काय करतो? प्रश्न विचारण्याची किंमत या महाराष्ट्रात जबर आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ती प्राणांनी मोजावी लागली. निदान आपल्या घरात तरी प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा होऊ नये.

घरातली म्हातारी आणि घरातले पोर

आता सर्वांत नाजूक गोष्ट. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा सिनेमा आला. तोवर आपल्या भागात फारशी कुणाला ठाऊक नसलेली देवी त्या एका सिनेमाने घरोघर गेली. बायका शुक्रवारचे उपास करू लागल्या, आंबट वर्ज्य झाले. दीक्षा घेतलेली घरेही यातून सुटली नाहीत. अजूनही एखाद्या घरात सासूबाई चोरून उपास धरतात आणि शिकलेला मुलगा त्यांना चारचौघांत अडाणी म्हणतो.

त्या मुलाला मी विचारीन, तुझी शंका खरी आहे, पण तुझ्या बोलण्यात मैत्री आहे काय? ‘मी शहाणा, तू अडाणी’ हे वाक्य आपण पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले. तेच आपण आईला ऐकवू लागलो तर फक्त बोलणारे तोंड बदलले. म्हातारीने उपास का धरला ते आधी विचार. नातू आजारी असेल, मुलाची नोकरी सुटली असेल, सुनेला मूल होत नसेल. तिच्या मनात भीती आहे. नातवाला दवाखान्यात ने, आईजवळ बस, तिच्या भीतीवर उपाय कर. भीती गेली की उपासाचे काम संपते. नुसते हसून उपास जात नाही, तो फक्त लपून बसतो.

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एका घराची कल्पना केली आहे. बायको बौद्ध धर्माचे ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा ख्रिस्ती झाला, मुलगी मुसलमान झाली, मुलगा सत्यधर्मी झाला, तरी कुणी कुणाचा द्वेष न करता सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे. विचार करा, नागपूरच्या दीक्षेच्या ६५ वर्षे आधी हे छापले गेले. आपल्या घरात तर एकच धम्म आहे. तरी आपल्याला एकमेकांच्या शंका सोसत नाहीत.

आणि पोर? ते विचारते, “वंदना पालीतच का म्हणायची? अर्थ कळत नाही.” त्याला गप्प बसवू नका. आपल्यालाही अर्थ माहीत नसेल तर दोघांनी मिळून शिकावा. ते विचारते, “पुनर्जन्म खरा का?” ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच प्रश्न टाळला नाही. पुनर्जन्म कशाचा, आणि आत्मा नसेल तर कुणाचा, असे सरळ विचारून त्यांनी त्याची चर्चा केली. बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हे त्यांनीच आपल्याला सांगितले. मार्ग दाखवणारा आपल्याला चालायला सांगतो. ‘बाबासाहेब म्हणाले’ एवढ्यावर पोराला थांबवणे म्हणजे बाबासाहेबांनाच मोक्षदाता करणे होय. ते काय म्हणाले आणि का म्हणाले, हे दोन्ही सांगा.

मोबाईलवर रोज बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या नावाने सुविचार येतात. पुष्कळसे त्यांचे नसतातच. फोटो त्यांचा असतो आणि वाक्य भलत्याचे. केसपुत्ताचे कालाम आज असते तर त्यांचा प्रश्न यावरच असता. पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा की हे कोणत्या ग्रंथात आहे. मुलांना हा खेळ लावा. गावातल्या दोन-चार घरांनी मिळून मूळ ग्रंथ विकत घ्यावा आणि संशय आला की उघडून पाहावा.

आमच्या धर्मापुरीत केदारेश्वराचे चालुक्यकालीन दगडी मंदिर आहे. ते पाहायला लांबून लोक येतात. बौद्ध मुलाने ते पाहू नये काय? जरूर पाहावे. नवस बोलायला नव्हे, पाहायला. हा दगड कुणी फोडला, कुणी वाहिला, कुणी घडवला, घडवणाऱ्याला आत येऊ दिले होते काय, असे प्रश्न घेऊन पाहावे. कारागिराच्या हाताला दाद द्यावी. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, या आणि पाहा असे तो म्हणतो. ज्याने डोळे मिटून जुने सोडले त्याने डोळे मिटूनच नवे धरले असण्याची भीती असते.

बंधूंनो आणि भगिनींनो, तेव्हा त्या हसऱ्या मूर्तीचे काय करायचे? फेकायची घाई करू नका. आज संध्याकाळी पोरांना जवळ बसवा आणि त्या झोळीवाल्या भिक्षूची खरी गोष्ट सांगा. मग पोरांनाच ठरवू द्या. त्यांनी ती कपाटात ठेवली तर रोज तिच्याकडे पाहून त्यांना देण्याची आठवण होईल. काढून टाकली तर ती विचार करून काढलेली असेल. दोन्ही चालेल. पोटावर हात फिरवायचा की नाही हा प्रश्न मात्र त्या घरात पुन्हा निघणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!